काठ म्हणजे कचरा

नोएमी याकांतेच्या प्रबंधात सूर्यावरचे लाखभर स्फोट होते आणि त्यातला एकही तिनं बाजूनं बघितलेला नव्हता.

तिनंच काय, पेलादो टेकडीवरच्या सूर्य-वेधशाळेत कुणीच बघितलेला नव्हता. तिथली रीत अशी, की दुर्बीण सूर्याच्या मधोमध लावायची. मधोमध लावली की आपण सूर्याकडे वरून, सरळ बघतो. चित्र धारदार येतं, चुंबकीय नकाशा त्याच्यावर नीट बसतो. काठाकडे सरकलं की सगळं तिरपं, चपटं आणि गिचमिड. शिवाय चित्राची थरथर आवरणारं यंत्र एखादा डाग किंवा ठळक खूण पकडून ठेवतं, आणि डाग नसलेल्या काठावर त्याला पकडायला काही मिळत नाही. संचालक डॉक्टर इबार्गुरेन नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगत, “काठ म्हणजे कचरा.” पोरं मान डोलवत. नोएमीनंही डोलावली होती.

ती खालच्या खोऱ्यातलीच. बारेआल गावाच्या अलीकडे लसणाच्या वखारी आहेत, त्यातल्या एकीत तिची आई प्रतवारीच्या चाळणीवर उभी राही. पोरगी सूर्याचा अभ्यास करते हे आई शेजारणींना सांगे, आणि शेजारणी विचारत, “सूर्याचं काय बिघडलंय?” या प्रश्नाचं उत्तर नोएमीला देता येत नसे, कारण वेधशाळेला नवी दुर्बीण हवी होती आणि त्यासाठी सूर्याचं काहीतरी बिघडलेलं असणं सोयीचं होतं.

गोष्ट साधी आहे. सूर्याच्या आतून चुंबकीय रेषांच्या कमानी वर येतात. उलट दिशेच्या दोन रेषा एकमेकींना खेटल्या की तुटतात आणि भलत्याच जोडीदाराशी सांधल्या जातात. या सांधेबदलात साठलेली शक्ती मोकळी होते आणि वातावरणाच्या अगदी तळाशी छोटा भडका उडतो. छोटा म्हणजे सूर्याच्या मानानं. एखादा प्रांत त्यात आरामात जळून जाईल. डागांच्या आसपास असे भडके उडतात हे शंभर वर्षांपासून माहीत आहे, कारण तिथं रेषांची दाटी असते. डॉक्टर इबार्गुरेन यांचं म्हणणं पुढचं होतं: ते सगळीकडे उडतात. डागांपासून लांब, जिथं सूर्य शांत दिसतो, तिथंही क्षणाक्षणाला उडतात. हे म्हणणं आकड्यांनी सिद्ध करणं म्हणजे नोएमीचा प्रबंध.

त्यासाठी तिनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. आजूबाजूपेक्षा अमुक पट जास्त चमकलेला ठिपका दिसला की प्रोग्रॅम त्याच्याभोवती हिरवं वर्तुळ काढी आणि एक स्फोट मोजी. अमुक पट म्हणजे किती, हे डॉक्टरांनी ठरवलं होतं. आधी मर्यादा जरा वर होती, तेव्हा शांत भागात ठिपके फार थोडे मिळाले. डॉक्टर म्हणाले, “मर्यादा खाली आण.” तिनं आणली. ठिपके पावसासारखे पडले. चाळणीची भोकं बारीक केली की प्रत्येक लसूण मोठ्या प्रतीचा होतो, हे तिला आईच्या पोटात असल्यापासून ठाऊक होतं. तरी तिनं आणली.

विद्यापीठात माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही. मर्यादा ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात, त्याला आकडे हवे तसे मिळतात, आणि सगळं खरं असतं. ज्याच्या हातात तो अधिकार नाही, तो आकडे मोजतो आणि त्याच्याखाली पहिली सही करतो.

शंका आली ती झोंडामुळं. झोंडा म्हणजे अँडीजवरून खाली कोसळणारा गरम कोरडा वारा. तो सुटला की खोऱ्यातल्या बायका दारं लावून घेतात आणि नवरे उगाच भांडण उकरून काढतात. त्या दिवसांत दुर्बिणीतलं चित्र उकळत्या दुधासारखं हलतं. एके दिवशी नोएमी जुन्या आकड्यांचा आलेख बघत बसली होती. झोंडाच्या दिवशी डागांजवळचे स्फोट होते तेवढेच राहिले होते. शांत भागातले मात्र निम्म्यावर आले होते.

सूर्याला बारेआलच्या वाऱ्याशी काय देणंघेणं?

ती आलेख घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर इबार्गुरेन बुएनोस आयरेसचे, पण आयुष्य या टेकडीवर काढलेले. परदेशातून काही येणं बंद होतं त्या काळात दुर्बिणीतला लाल गाळणीचा संच त्यांनी स्वतःच्या हातांनी घासूनपुसून बनवला होता आणि तो अजून चालत होता. माणूस नालायक नव्हता, म्हणून तर पंचाईत होती. नालायक माणसाशी भांडणं सोपं जातं.

त्यांनी माते चहाच्या तुंब्यात गरम पाणी ओतलं, तुंबा तिच्याकडे सरकवला.

“बोल.”

“डॉक्टर, झोंडा सुटला की आपले शांत भागातले स्फोट निम्मे होतात.”

“होणारच. हवा हलली की बारीक वस्तू पुसट होतात. तू चष्मा काढलास की तुला मुंग्या दिसत नाहीत, म्हणून मुंग्या मेल्या का?”

“डागांजवळचे कमी होत नाहीत.”

“ते मोठे आहेत. हत्ती चष्म्याशिवाय दिसतो.”

“किंवा शांत भागातले स्फोटच नाहीत.”

डॉक्टर हसले. राग आला की ते हसत. “मग काय आहेत, पोरी?”

“भोकं.”

हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. चुंबकीय रेषांची जुडी जिथं घट्ट होते तिथं वायू विरळ होतो, पृष्ठभाग जरा खचतो, आणि त्या खड्ड्यातून आतली जास्त तापलेली भिंत दिसते. वरून बघणाऱ्याला तिथं चमकदार ठिपका दिसतो. भडका वगैरे काही नाही. नुसतं भोक.

“शेगडीच्या लोखंडी झाकणाला भोक पडलंय आणि शेजारी मेणबत्ती ठेवलीय,” नोएमी म्हणाली. “छताला लटकून बघितलं तर दोन्ही ठिपकेच. खुर्चीत बसून बघितलं तर मेणबत्ती उभी दिसते आणि भोक गायब होतं. मला खुर्चीत बसून बघायचंय. डागांपासून लांबचा काठ, एक सकाळ.”

“काठ म्हणजे—”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तर विचारतेस कशाला? नव्या दुर्बिणीचे पैसे ठरवणारी समिती येतीये. डागांचा मोठा गट मध्यावर होता तेव्हा तुला सकाळ हवी होती, मी माझ्या वाट्यातली दिली. आता उरलेल्या सकाळी मला त्यांना दाखवायला सुंदर चित्रं हवीत.” त्यांनी तुंबा परत घेतला, नळीनं शेवटचा घोट ओढला. “कॉर्दोबात भर सभेत मी हे मांडलंय. तुझं नाव पहिलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तू लाजून लाल झाली होतीस. तेव्हा भोकं नव्हती का गं?”

प्रश्न वाजवी होता.

“डिसेंबरात प्रबंध जमा कर. माझी सही तयार आहे. डॉक्टर हो. मग आयुष्यभर काठावर बसून राहा, कोण अडवतंय?”

हे त्यांनी प्रेमानं सांगितलं. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नव्हता आणि डिसेंबरात सुरू होणाऱ्या तिथल्या उन्हाळ्याबरोबर तिची शिष्यवृत्ती संपत होती. हेही त्या प्रेमात आलं.

समिती आली त्याच्या आदले दोन दिवस झोंडा सुटला होता. मग दक्षिणेकडून गार वारा आला, त्यानं धूळ झाडून नेली, आणि त्याच्यामागून अशी सकाळ उजाडली की धुराड्यातला धूर सुतासारखा सरळ वर जात होता. वर्षातून दोन-तीनच अशा सकाळी मिळतात. त्या सकाळी पेलादोवरची दुर्बीण रिकामी होती, कारण समितीला मेजवानी द्यायची होती. डॉक्टर इबार्गुरेन पहाटेपासून टेकडीखालच्या अंगणात निखारे सारखे करत होते. करडू स्वतः भाजायचं, दुसऱ्याला जाळीला हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

नोएमी पोलो तेखादाला अंगणातून उचलून वर घेऊन गेली. पोलो दुर्बीण चालवायचा. दोघं खोऱ्यातल्या एकाच शाळेत होते. तिची गणितं चोरून तो पास झाला होता आणि ती उधारी ती अजून वसूल करत होती.

“चे, अगं डॉक्टरीणबाई,” पोलो जिन्यावर धापा टाकत म्हणाला, “खाली करडू भाजतायत. वाइन आलीय. आणि तू मला सूर्याच्या काठावर नेतेस. लोक काठावर कशाला जातात माहितीय ना? उडी मारायला.”

“तू नुसतं बटण दाबायचंस.”

“तो थरथर आवरणारा डबा काठावर चालत नाही. मी हातानं धरू?”

“हातानं धर.”

“किती वेळ?”

“हवा हलेपर्यंत.”

“म्हणजे करडू संपेपर्यंत. म्हातारा मला कच्चा खाईल. करडू उरलं नाही तर नक्कीच.”

तरी तो बसला. दोन्ही अंगठे बटणांवर ठेवून पडद्यावरचा सूर्याचा काठ एका रेषेवर धरून बसला. पोलोला सूर्याबद्दल काही वाटत नसे. पण एखादी गोष्ट हलते आहे आणि ती हलू द्यायची नाही एवढं सांगितलं की तो बैलासारखा नेटानं उभा राही.

आधी त्यांनी डागांचा गट गाठला. आठवड्यापूर्वी जो गट मध्यावर होता तो फिरत फिरत आता काठाला पोचला होता. नोएमीनं गाळणी हायड्रोजनच्या लाल रेषेच्या मधोमध न ठेवता जराशी बाजूला सरकवली. मधोमध ठेवली तर वरचे धाग्यांचे दाट पडदे आड येतात, बाजूला सरकवली की नजर थेट तळाला पोचते. चित्र उमटलं.

कापणी झालेल्या शेतात धाटं उभी असावीत तसे भडके उभे होते. बारीक, ताठ, खाली पाय घट्ट आणि वर शेंडे लवलवणारे. एक विझायचा, शेजारी दुसरा उठायचा. वरून चार वर्षं बघितलेले ठिपके बाजूनं असे दिसतात हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. वाचणं वेगळं.

“हे काय, गवत?” पोलोनं विचारलं.

“स्फोट आहेत.”

“छान आहेत. झालं? जायचं?”

“आता डागांपासून लांब चल. काठाकाठानं.”

तिच्या पोटात काय चाललं होतं ते सांगायला हवं. पोरगी सत्याच्या शोधात वगैरे निघालेली नव्हती. तिला शांत काठावर भडके दिसायला हवे होते. एका फेरीत, गवतासारखे, ओळीनं. मग ती खाली गेली असती, डॉक्टरांच्या हातून पहिला तुकडा घेतला असता, डिसेंबरात डॉक्टर झाली असती, आणि आलेखाची ती दुखरी रेघ हवेच्या माथी मारून मोकळी झाली असती. तिला आपण चुकलो आहोत हे सिद्ध करून हवं होतं.

पोलोनं काठ सरकवला. डाग मागे पडले. चित्र थरथरलं, मग त्याच्या अंगठ्यांनी ते धरलं.

काठावर वाळू पसरल्यासारखी झिलई होती. कुठं भुरकट, कुठं उजळ, उजळ भाग नेहमी उकळत्या वायूच्या दाण्यांच्या अलीकडच्या कुशीला चिकटलेले, म्हणजे भोकांच्या आपल्याकडे तोंड केलेल्या तापलेल्या भिंती. उभं काहीच नव्हतं. लवलवणारं काहीच नव्हतं.

तिनं प्रोग्रॅम लावला. प्रोग्रॅमनं नेहमीच्या उत्साहात हिरवी वर्तुळं काढायला सुरुवात केली. एक, दुसरं, पाच, पन्नास. पडदा हिरवळला. कोपऱ्यातला आकडा धावू लागला. प्रत्येक वर्तुळात एक भिंत होती आणि एकाही वर्तुळात भडका नव्हता.

“बघ, किती सापडले!” पोलो म्हणाला. “म्हातारा खूश.”

नोएमी म्हणाली, “पुढे चल.”

ते पुढे गेले. परत तेच. आणखी पुढे. खालून धुराचा आणि चरबीचा वास वर येत होता, कुणीतरी गिटार काढली होती. पोलोची बोटं आखडली तेव्हा तिनं त्याच्या तोंडात पाव कोंबला आणि त्यानं चावत चावत काठ धरून ठेवला. चार वर्षं या बाईनं भोकं मोजली होती. रविवारी मोजली होती, आई आजारी होती तेव्हा इस्पितळाच्या बाकावर मोजली होती. लग्न ठरता ठरता मोडलं तेही या मोजण्यापायी, असं आईचं म्हणणं होतं. तिला रडू आलं नाही. तिनं उठून खिडकी उघडली.

“बंद कर!” पोलो ओरडला. “हवा हलेल!”

तिनं खिडकी लावली, वळली, आणि तेव्हा पडद्यावर ते उठलं.

डागांपासून कितीतरी लांब, शांत काठावर, दोन दाण्यांमधल्या काळ्या फटीतून एक जिभली वर आली. डागांजवळच्यांच्या निम्म्यानंही नसेल. ताठ झाली, शेंडा दोनदा लवलवला, पाय फटीतून जरा सरकला, आणि ती विझली. एवढंच. सगळं एका दमात.

“आत्ता काय झालं?” पोलो म्हणाला.

“रेकॉर्ड झालं का?”

“झालं. काय होतं ते?”

नोएमी खुर्चीत बसली. खुर्चीत बसूनच बघायचं होतं तिला.

“खरा होता,” ती म्हणाली.

हवा हलेपर्यंत असे आणखी थोडे मिळाले. दोन हातांच्या बोटांवर मावतील एवढे. त्याच वेळात प्रोग्रॅमनं हजारांनी वर्तुळं काढली होती.

ती दोघं अंगणात उतरली तेव्हा माणसं ताटं घेऊन बसली होती. समितीच्या प्रमुख डॉक्टर पेर्ला बाल्मासेदा अंगणातल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत बसून हाड चोखत होत्या. कॉर्दोबाची बाई, साठी उलटलेली, हातात एकीकडे हाड आणि दुसरीकडे सिगारेट. तिच्यासमोर लोक जपून बोलत, आणि त्यामुळं ती आणखीच चिडे.

नोएमी थेट जाळीपाशी गेली. “डॉक्टर, मी काठ बघितला.”

इबार्गुरेननी चिमटा थांबवला. “आज? मला न विचारता?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“मग?”

“शांत भागात भडके आहेत. उभे. मी बघितले.”

हे वाक्य तिनं आधी सांगायला नको होतं. दुसरं आधी सांगायला हवं होतं. पण चार वर्षं वाट बघितलेलं माणूस आधी गोड बातमी सांगतं. इबार्गुरेनचा चेहरा उघडला, खरोखर उघडला. असा आनंद तिनं त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. त्यांनी चिमट्यानं पेल्यावर टणटण केलं.

“मित्रहो! डॉक्टर बाल्मासेदा! आपल्या खोऱ्यातल्या या मुलीनं आज सकाळी शांत सूर्यावरचे स्फोट बाजूनं बघितले. उभे! आपल्या लाखभर स्फोटांना आता उभा पुरावा मिळाला. मी म्हणत आलो तेच!”

टाळ्या झाल्या. कुणी “बिचारीला ताट द्या” म्हणालं. कुणी तिच्या हातात पेला दिला. पोलोनं तोपर्यंत एक बरगडी मिळवली होती. त्यानं चावणं थांबवून तिच्याकडे बघितलं.

ती काही बोलली नसती तर काहीच बिघडलं नसतं, हे नीट समजून घ्या. भडका खरा होता, रेकॉर्ड झालेली फीत खरी होती, टाळ्याही खऱ्या होत्या. डिसेंबर दोन पावलांवर होता. एका खऱ्याच्या पाठीवर लाख खोटे बसवायचे आणि गाढव हाकायचं, एवढंच काम होतं, आणि ते तिच्याऐवजी दुसऱ्यानं करून टाकलं होतं. तिनं फक्त पेला उचलायचा होता.

“लाख नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“डॉक्टर, लाख नाही. आठ-नऊ. बाकी सगळी भोकं आहेत.”

गिटारवाला थांबला नाही, त्याला ऐकू गेलं नव्हतं. बाकीचे थांबले.

“पोरी, दमलीस तू,” इबार्गुरेन हसत म्हणाले. “एक दिसला म्हणजे गोष्ट आहे. आहे की नाही हा प्रश्न होता. किती हा प्रश्न नंतरचा.”

“प्रबंधात किती हाच प्रश्न आहे. किती यावरच तुम्ही म्हणता की सूर्याचं वरचं वातावरण याच्यामुळं तापतं. आठ-नऊ भडक्यांवर अंघोळीचं पाणी तापणार नाही.”

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकला काढला.

“बाकीचे काठावर दिसत नाहीत कारण काठ—”

“काठावर प्रोग्रॅमला दिसतात! प्रोग्रॅम वर्तुळं काढतो. आत बघितलं तर नुसती भिंत. आणि त्याच काठावर, त्याच हवेत, खरा उठला की उभा दिसतो. तुमच्याच गाळणीतून दिसतो, डॉक्टर. कचरा काठावर नाही, मर्यादेत आहे. ती तुम्ही खाली आणायला सांगितलीत आणि मी आणली.”

“तू आणलीस,” इबार्गुरेन शांतपणे म्हणाले.

“हो. मी आणली.”

बाल्मासेदाबाईंनी हाड ताटात टाकलं. “मला भाषणं नकोत. फीत कुठं आहे?”

“वर.”

“किती पायऱ्या?”

“बऱ्याच.”

“सत्यानाश,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

समितीतले आणखी दोघं मागोमाग निघाले. इबार्गुरेन निघाले नाहीत. “करडू करपेल,” ते म्हणाले आणि जाळीकडे वळले. करडू केव्हाच उतरवलेलं होतं.

वरच्या खोलीत पोलोनं पडदे ओढले आणि फीत लावली. आधी डागांजवळचं गवत. मग रिकामा काठ, हिरव्या वर्तुळांनी भरलेला. बाई सिगारेट न पेटवता ओठांत धरून बघत होत्या. समितीतल्या एकानं तीन आक्षेप घेतले. नोएमीनं दोहोंना उत्तर दिलं आणि तिसऱ्याला “माहीत नाही” म्हणाली. मग ती जिभली उठली आणि विझली.

“परत,” बाई म्हणाल्या.

पोलोनं परत लावली.

“परत. हळू.”

हळू लावल्यावर दिसलं, की जिभली उठायच्या आधी फटीच्या दोन काठांवरचे दोन उजळ कण एकमेकांकडे सरकत आले होते आणि भडक्याबरोबर दोन्ही नाहीसे झाले होते. दोन रेषा खेटल्या, तुटल्या, सांधा बदलला. समितीचा तो आक्षेपवाला पडद्याला नाक लावून उभा होता.

“उरलेला लाख जाणार,” अखेर बाई म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे प्रबंध जाणार.”

“हो.”

“इबार्गुरेन सही करणार नाही. मी त्याला ओळखते, तरुण होता तेव्हाही हरल्यावर पत्ते उचलून घरी जायचा. ज्याच्यामागं टाळ्या वाजल्या ते तो परत घेत नाही.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं तर खाली सगळ्यांसमोर कशाला बोललीस, मूर्ख मुली? माझ्या कानात सांगायचंस.”

“टाळ्या सगळ्यांसमोर वाजल्या.”

बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यात कौतुक नव्हतं. बाजारात गाय बघतात तसं बघणं होतं. “मी सही करीन. कॉर्दोबाच्या विद्यापीठात नाव नोंदव. पण हे आठ-नऊ मला पुरत नाहीत. दोन वर्षं काठ बघायचास, फक्त काठ, आणि प्रत्येक भडक्याखालचे ते दोन कण दाखवायचेस. शिष्यवृत्ती मी देऊ शकत नाही. पोटाचं तू बघ. आणि यंदाच्या डिसेंबरात तू कुणीही होणार नाहीस.”

“दुर्बीण कोण देणार? संचालक तेच आहेत.”

“दुर्बिणीच्या सकाळी कुणाला द्यायच्या ते समिती ठरवते. तेवढं अजून माझ्या हातात आहे.” बाई दाराकडे निघाल्या. “बारेआलच्या शाळेत भौतिकशास्त्राला मास्तरीण मिळत नाही असं सकाळी ड्रायव्हर सांगत होता. मुलं हरामखोर आहेत म्हणे.”

“आहेत,” पोलो म्हणाला. “आम्ही तिथलेच.”

नोएमी खाली उतरली तेव्हा अंगण रिकामं होत आलं होतं; माणसं दुपारच्या झोपेला पांगली होती. इबार्गुरेन निखाऱ्यांपाशी उभे होते. त्यांनी झाकून ठेवलेलं एक ताट उचललं आणि तिच्याकडे दिलं.

“खा. गार झालंय.”

ती उभ्यानंच खाऊ लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

“माझं नाव काढून टाक,” ते म्हणाले.

“प्रबंधावरून?”

“सगळीकडून.”

“गाळणी तुमची आहे. ते लिहावं लागेल.”

“मेहेरबानी,” ते म्हणाले. चिमट्यानं एक निखारा उलटा केला. तिनं हाडावरचं मांस दातांनी सोडवलं. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “भडका उंच केवढा होता?”

“अर्ध्या दाण्याएवढा. फीत लावून ठेवलीय. जाऊन बघा.”

डॉक्टर इबार्गुरेननी टेकडीकडे बघितलं. मग बादली उचलली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला, त्यांनी तोंड बाजूला केलं, आणि ते घराकडे चालू लागले. नोएमीनं ताट संपवलं, हात अंगरख्याला पुसले, आणि पोलोसाठी ठेवलेला तुकडा घेऊन ती वर निघाली. दुर्बिणीची उद्याची सकाळ कुणाच्या नावावर लावायची ते बाल्मासेदाबाई निघण्यापूर्वी विचारून घ्यायचं होतं.